काचेच्या पेटीतील कोळी

आंबेगाव तालुक्यातील पेठ गावाहून पश्चिमेस निघाले म्हणजे घोडेगाव व डिंभे मागे पडल्यावर सह्याद्रीची चढण लागते, आणि पुढे आहुपे-भीमाशंकरच्या बाजूस जुन्या देवराया दृष्टीस पडतात. देवाच्या नावाने राखलेल्या या झाडीत कुऱ्हाड चालत नाही. म्हणून तेथे वृक्ष म्हातारे होतात, खोडे पोखरतात, ढोली पडतात. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या हिशेबी असले झाड फुकट गेले. परंतु भारतातील सर्वांत देखण्या कोळ्यांचे घर म्हणजे अशीच ढोली होय. हे कोळी पीसिलोथेरिया या वंशातले; हा वंश भारत आणि श्रीलंका यांखेरीज जगात कोठेही आढळत नाही.

अशा दांडग्या, केसाळ कोळ्यांस आज सरसकट ‘टॅरंट्यूला’ म्हणतात. हे नाव खरे पाहता इटलीतील टारांटो शहराजवळच्या निराळ्याच कुळातील एका लहान कोळ्याचे. त्याचा दंश नाचून उतरतो अशी तेथील लोकांची समजूत होती! नाव मात्र जहाजावर चढले आणि जगभर भलत्यांनाच चिकटले.

मुंबईत १८८३ साली आठ गृहस्थांनी निसर्गेतिहासाची संस्था स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. संस्थेचे फिप्सन व मिलर्ड यांची नावे पुढे अनुक्रमे एका विंचवास व एका कोळ्यास मिळाली. ती देणारे पोकॉक हे लंडनच्या संग्रहालयातील पंडित. त्यांनी १८९९ साली पीसिलोथेरियाच्या अनेक जाती वर्णिल्या, त्याच साली माथेरानच्या एका कोळ्यासही शास्त्रीय नाव दिले, आणि १९०० साली भारतातील विंचू-कोळ्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काम थोर होते. पण त्याचा मुख्य आधार स्पिरिटच्या बाटलीतील मेलेले नमुने हाच होता.

मेलेला कोळी पायांची लांबी सांगतो, स्वभाव सांगत नाही. आसामात पील नावाच्या चहामळेवाल्याने एका मोठ्या कोळ्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकला, तेव्हा कोठे कलकत्त्याच्या वुड-मेसन यांना तो आवाज काढणारे अवयव दाखविता आले; १८७७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. जिवंत कोळी पाहण्याचे महत्त्व एवढ्यावरूनच ध्यानी यावे.

सर्वांत नवलाची हकीकत गुत्तीच्या निळ्या कोळ्याची. आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूडवखारीत त्याचा एकच नमुना सापडला. बहुधा तो लाकडांबरोबर दुरून आला असावा. पोकॉक यांनी १८९९ साली त्याचे वर्णन केले, आणि पुढे शंभर वर्षे त्याचा पत्ता लागला नाही. २००१ साली तो नंद्याळ व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या राखीव जंगलात पुन्हा दिसला. थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतील शौकिनांच्या घरी त्याची पिल्ले वाढू लागली!

पाळणाऱ्यांनी शिकविलेल्या गोष्टी नाकारण्याजोग्या नाहीत. उंच काचपेटीत बुचाच्या सालीची नळी उभी करावी, पाण्याची वाटी ठेवावी, झुरळे वा रातकिडे घालावेत, एवढ्यावर मादी दहा-बारा वर्षे जगते. नर त्या मानाने अल्पायुषी. कात टाकताना कोळी पाठीवर उताणा पडतो, आणि नवखा पाळणारा तो मेला असे समजतो. या वंशातील कोळ्यांच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद नाही, परंतु स्नायूंचे पेटके कित्येक दिवस छळतात. त्या निळ्या रंगाचे मूळ रंगद्रव्यात नसून केसांच्या अतिसूक्ष्म रचनेत आहे, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

तथापि पेटीतला कोळी म्हणजे वाचलेला कोळी, असे म्हणणे धाडसाचे आहे. तो कोणत्या झाडावरून आला हे बहुधा लिहिलेले नसते, कधी दोन जातींचा संकरही केलेला असतो. अशांना रानात परत कसे सोडणार? तिकडे मूळ जंगलात सरपणासाठी व इमारतीसाठी झाडे तुटतच राहिली. २००८ साली गुत्तीचा कोळी अत्यंत संकटग्रस्त ठरला. त्याचा प्रदेश शंभर चौरस किलोमीटरांहूनही कमी भरला. एकीकडे परदेशातील पेट्या भरत होत्या आणि दुसरीकडे ढोली कमी होत होत्या.

व्यापाराची वाट एकाच दिशेची नाही. २०२१ च्या जुलैत चेन्नईच्या परदेशी टपाल कार्यालयात पोलंडहून आलेल्या एका पार्सलात १०७ जिवंत कोळी लहान लहान कुप्यांत सापडले. ते परत धाडण्याचे ठरले. २०१९ साली पीसिलोथेरिया वंश आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कराराखालील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी बंधनकारक झाली.

मात्र ढोली असलेल्या म्हाताऱ्या झाडाची नोंद यांपैकी कोणत्याच कागदावर होत नाही. आहुप्याच्या बाजूस ते काम आजवर देवाच्या भयाने केले आहे.