रूमचे साम्राज्य आतून का पोखरले गेले?



कुरआन शरीफमधील तिसाव्या सूरहचे नाव ‘अर्-रूम’ असे आहे. तिच्या आरंभी, जवळच्या प्रदेशात रूमी लोकांचा पराभव झाल्याचा उल्लेख असून थोड्याच वर्षांत ते पुन्हा विजयी होतील असे भाकीत आहे. ही सूरह आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु हे रूमी कोण, ते का हरले आणि पुढे कसे जिंकले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

येथे ‘रूम’ म्हणजे इटलीतील रोम शहर नव्हे. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य इ. स. ४७६ मध्येच लयाला गेले होते. पूर्वेकडील साम्राज्य मात्र टिकून होते. त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. शाम (सीरिया), पॅलेस्टाइन आणि मिसर हे संपन्न प्रांत त्याच्याच ताब्यात होते. पूर्वेस त्याचा जुना वैरी म्हणजे इराणचे सासानी साम्राज्य.

नवल असे की, सातव्या शतकाच्या प्रारंभी या दोन वैऱ्यांत सख्य होते. बंडामुळे परागंदा झालेल्या खुसरौ परवेझला ५९१ साली रूमी सम्राट मॉरिस याने फौज देऊन इराणचे तख्त परत मिळवून दिले होते. मग एवढे भयंकर युद्ध पेटले कसे? ठिणगी पडली ती रूमच्याच घरात. खजिना रिता झाला म्हणून मॉरिसने ६०२ साली डॅन्यूब नदीवरील सैन्याला हुकूम धाडला की, हिवाळा नदीपलीकडे शत्रूच्याच मुलखात काढावा. आधीच गांजलेले शिपाई बिथरले. त्यांनी फोकास नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला पुढारी केले व ते राजधानीवर चालून गेले. शहरातील जमावही उठला. पळून जाणारा मॉरिस पकडला गेला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांची कत्तल झाली आणि मग त्याचाही शिरच्छेद झाला. आपल्या उपकारकर्त्याचा सूड घेण्याचे निमित्त खुसरौला आयते मिळाले.

पुढची आठ वर्षे रूमने आपल्याच हातांनी आपले पाय तोडले. पूर्व सरहद्दीवरचा नामांकित सेनापती नार्सेस फोकासविरुद्ध उभा राहिला. जीवाला धोका होणार नाही असे वचन देऊन त्याला राजधानीत बोलावले आणि जिवंत जाळले. ६०८ साली कार्थेजच्या सुभेदाराने बंड पुकारले. त्याचा पुत्र हिरॅक्लियस, ज्याला अरब ‘हिरकल’ म्हणत, ६१० साली आरमारासह राजधानीत उतरला व फोकासला ठार करून गादीवर बसला. रूमी तलवार रूमी मानेवर चालत असताना इराणी फौजा एकेक किल्ला घेत पुढे सरकत होत्या. ६१३ मध्ये दमास्कस पडले, ६१४ मध्ये बैतुल मुकद्दस. ६१८ मध्ये राजधानीतील नागरिकांना मिळणारा फुकट पाव बंद झाला. पुढच्या वर्षी अलेक्झांड्रियाही गेले आणि मिसरचे धान्य येण्याची आशाच संपली.

हेच ते दिवस, जेव्हा मक्केत हजरत मुहम्मद (स.) आणि त्यांचे मूठभर अनुयायी छळ सोसत होते. ग्रंथधारक रूमींच्या पराभवाने मक्केचे मूर्तिपूजक हर्षभरित झाले. रूमी पुन्हा जिंकतील या भाकितावर हजरत अबू बकर (रजि.) यांनी एका मक्कावासीयाशी उंटांची पैज लावली होती, असे परंपरा सांगते. त्या घटकेला जगातील कोणताही व्यवहारी माणूस ही पैज लावण्यास धजला नसता.

परंतु हिरॅक्लियसने धीर सोडला नाही. त्याने सरकारी नोकरांचे पगार निम्मे केले, चर्चची सोन्या-चांदीची भांडी कर्जाऊ घेऊन नाणी पाडली आणि सैन्य नव्याने शिकवून तयार केले. ६२२ मध्ये तो मोहिमेवर निघाला, आणि हेच हिजरतचे वर्ष होय. ६२६ मध्ये इराणी व आवार यांचा राजधानीवरील संयुक्त हल्ला फसला. १२ डिसेंबर ६२७ रोजी, आजच्या मोसुलजवळ निनेव्ह येथे, हिरॅक्लियसने निर्णायक विजय मिळविला. अडीच महिन्यांच्या आतच खुसरौला त्याच्याच मुलाने पदच्युत केले व पुढे त्याचा वध झाला. भाकीत खरे ठरले.

वाचकहो, कथा येथेच संपली असती तर बरे झाले असते. पण जिंकलेल्या रूमची जुनी दुखणी बरी झाली नव्हती. ४५१ सालच्या कॅल्सिडन परिषदेपासून हजरत ईसा यांच्या स्वरूपाविषयी ख्रिस्ती लोकांत फूट पडलेली होती. राजदरबाराचे मत न मानणाऱ्या मिसर व शाममधील ख्रिस्त्यांचा छळ होई. मिसरचे धर्मगुरू बेंजामिन कित्येक वर्षे लपून राहिले. ते उजळ माथ्याने परतले ते अम्र इब्न अल-आस यांनी अभय दिल्यावर! सरहद्दीचे राखणदार असलेल्या गस्सानी अरबांची सत्ता रूमनेच मोडली होती, आणि इराणनेही हीराच्या अरब राजाचा असाच घात केला होता. कुंपण दोघांनीही आपल्याच हाताने उपटले. ६३६ मध्ये यर्मूकच्या लढाईनंतर शाम रूमच्या हातून कायमचा गेला. ६५१ मध्ये सासानी राजघराणेच संपले.

मुसलमानांच्या विजयामागे त्यांची श्रद्धा, शिस्त आणि नेतृत्व होते, यात शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या पडझडीकडे बोट दाखवून थांबणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. यर्मूकनंतर अवघ्या वीस वर्षांनी, ६५६ मध्ये, असंतुष्ट बंडखोरांनी हजरत उस्मान (रजि.) यांना मदीनेत त्यांच्या घरातच शहीद केले. त्याच वर्षी जमलची लढाई झाली आणि ६५७ मध्ये सिफ्फीनच्या मैदानावर मुसलमान मुसलमानांसमोर उभे ठाकले. ज्या वाळवीने रूम पोखरले, ती आपल्या घराचा उंबरठा ओळखत नाही असे थोडेच आहे?

म्हणून पालकहो, मुलांना विजयांच्या तारखा जरूर पाठ करावयास लावा, पण त्यांना प्रश्न विचारण्याचीही सवय लावा. शिपाई का बिथरले? दिलेले वचन मोडल्याची किंमत काय पडली? मतभेदाला छळाने उत्तर दिल्यावर प्रजा कोणाच्या बाजूला गेली? आपली संस्था असो, मोहल्ल्याची जमात असो वा घर असो, मतभेद होणारच. ते कोणत्या रीतीने मिटवावयाचे, हे ज्याला वेळीच शिकता येते त्याचे कुंपण शाबूत राहते. शिक्षणाचा याहून मोठा उपयोग कोणता असेल?