थंडीला न भिणारी जास्वंद

जास्वंद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती परसातली तांबडी जास्वंद, गणपतीच्या ताटात दूर्वांशेजारी मानाने बसणारी. तिला ऊन हवे, पाणी हवे. गारठा मात्र तिला सोसत नाही. बर्फाच्या मुलखात राहायला गेलेली आपली मंडळी हौसेने तिची कुंडी लावतात. ती बाहेर राहिली की पहिल्याच कडाक्यात काळी पडते. मग ती म्हणतात, "थंड देशात जास्वंद जगायचीच नाही." वाचकहो, हा समज खरा नाही. अशाच समजापायी युरोपातल्या जाणत्या माणसांनीही एका धट्ट्याकट्ट्या झाडाला उगीच घरात कोंडून ठेवले होते. त्याचीच ही हकीकत.

सोळाव्या शतकात पूर्वेकडून युरोपच्या बागांत जास्वंदीचे एक झुडूप आले. लंडनचे जॉन पार्किन्सन हे औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार. १६२९ साली त्यांनी आपल्या ग्रंथात बजावले, की हे झाड हिवाळ्यात उघड्यावर ठेवू नये. मोठ्या कुंडीत लावून घरात किंवा उबदार तळघरात न्यावे. झाड उबदार देशाकडून आले, तेव्हा ते नाजूकच असणार, असा हिशेब असावा. पण झाडाने तो खोटा ठरवला. सतराव्या शतकाच्या अखेरीस काहींच्या ध्यानात आले, की हे बाहेरही टिकते. अठराव्या शतकात तर ते इंग्लंडच्या आणि अमेरिकेतल्या वसाहतींच्या बागांत सर्रास दिसू लागले.

गंमत पाहा, १७५३ साली लिनियसने त्याला नाव दिले 'हिबिस्कस सिरियाकस', म्हणजे सीरियाची जास्वंद! तिचे मूळ घर मात्र चीनकडचे. कोरियात हिवाळा किती कडक असतो ते आपण ऐकतोच. तिथे ती 'मुगुंगह्वा' म्हणून शतकानुशतके उघड्यावर फुलते आहे. जपानी अमलात नामगुंग ओक नावाच्या शिक्षकाने तिची रोपे गावोगाव वाटली, आणि १९३३ साली त्यांना अटक झाली. एका झुडपात राज्यकर्त्यांना एवढे भय वाटावे!

दुसरी जात खुद्द अमेरिकेची, 'हिबिस्कस मॉश्चूटॉस'. पूर्व अमेरिकेच्या दलदलीत वाढणारी. तिच्या लागवडीच्या वाणांची फुले जेवणाच्या ताटलीएवढी! नेब्रास्कातल्या लिंकन शहरी फ्लेमिंग बंधूंनी तिचे अनेक संकरित वाण तयार केले.

आता निवड कशी करायची? या दोघींची थंडी सोसण्याची रीतच वेगळी आहे. सिरियाकसचे लाकूड हिवाळाभर उभे राहते. नुसती पाने गळतात. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी हिवाळा सरता सरता करावी. तिला पाणी साचलेले चालत नाही. बी पडून रोपांचे रान माजते, हा तिचा एक त्रास. त्यावर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगोल्फ यांनी उपाय काढला. त्यांचा 'डायना' हा पांढऱ्या फुलांचा वाण १९७० साली बाहेर आला. त्याला बी फारसे धरत नाही.

मॉश्चूटॉसला उलट ओल प्रिय. हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत वाळून जाते. जिवंत राहतो तो मुळांचा गड्डा. त्यावर पालापाचोळ्याचे पांघरूण घालावे. आणि घात होतो तो इथेच! वसंतात साऱ्या बागेला पालवी फुटते, पण हिचा पत्ता नसतो. माणसे समजतात, गेली. आणि गड्डा उपटून टाकतात. तिला मे महिन्याची अखेर, कधी जूनही उजाडतो.

थोडक्यात काय, नावावर भरवसा ठेवू नये आणि मुळावरची आशा लवकर सोडू नये. पार्किन्सननी जिवंत झाडाला तळघर दाखवले. आपण निदान जिवंत मुळाला कुदळ दाखवू नये.