पदवीनंतरचे बारा महिने : अमेरिकेतील ‘ओपीटी’ची पूर्वकथा

पुण्या-मुंबईतच नव्हे, आता लातूर-सांगलीतल्या घरांतही ‘ओपीटी’ हा शब्द रुळला आहे. घरातल्या मुलाने वा मुलीने अमेरिकेत एम.एस. पूर्ण केले की पुढचे बारा महिने तिथे नोकरी करता येते, विषय विज्ञान-तंत्रज्ञानाचा असेल तर आणखी चोवीस, एवढे आजी-आजोबांनाही ठाऊक असते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी नोंदले गेले. त्यांपैकी ९७,५५६ जण वर्गात नव्हते. ते ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतरच्या कामावर होते. दहांतले जवळजवळ तीन.

आता गंमत पाहा. इतक्या जणांचे घरभाडे, शैक्षणिक कर्ज आणि पुढची सारी स्वप्ने ज्या परवानगीवर टांगलेली आहेत, ती अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यात नावानिशी कुठेही नाही. ती प्रशासनाने केलेल्या एका नियमात आहे. आणि त्या नियमातही तिचे नाव ‘नोकरी’ नाही, ‘प्रशिक्षण’ आहे. ओपीटी म्हणजे ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’. नोकरीला नोकरी म्हणायला कायदा का कचरला, हे समजून घ्यायचे तर मित्रहो, आपल्याला १८८२ पर्यंत मागे जावे लागेल.

त्या वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना दहा वर्षांसाठी प्रवेशबंदी केली. रेल्वेमार्ग घालून झाले होते, खाणींतले सोने ओसरले होते आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या गोऱ्या कामगारांचा रोष पेटला होता. परंतु दोनच वर्षांपूर्वी, १८८० मध्ये, चीनशी झालेल्या तहाने व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी यांना येण्याची मोकळीक दिली होती. ती राखणे भाग होते. त्यामुळे आशियातून येणाऱ्या माणसाचे कायद्याच्या नजरेत दोन भाग पडले : मजूर आणि मजूर नसलेला. विद्यार्थी हा दुसऱ्या भागातला. त्याची ओळख तो काय शिकतो यापेक्षा तो मजुरी करत नाही, यावरून ठरू लागली. पुढच्या सगळ्या कथेचे बीज इथे आहे.

पुढच्याच वर्षी, १८८३ च्या जूनमध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. त्या चिनी नव्हत्या, म्हणून या कायद्याने त्यांना काहीच विचारले नाही. आजच्या अर्थाचा विद्यार्थी-व्हिसाही तेव्हा अस्तित्वात नव्हता. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांना एम.डी. मिळाली आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक स्वीकारून त्या परतल्या. पदवीनंतर अमेरिकेत काम करता येईल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे कायद्याने उभाच केला नाही. तो उभा राहायला अजून अवकाश होता.

१९०० च्या सुमारास अमेरिकी कोषागाराच्या विधी अधिकाऱ्याने चिनी विद्यार्थ्याची व्याख्या बांधली. विद्यार्थी म्हणजे उच्च शिक्षण घेणारा किंवा मायदेशी ज्याची सोय नाही अशा व्यवसायाचे शिक्षण घेणारा. ज्याच्या निर्वाहाची तजवीज आधीच झालेली आहे असा. आणि शिक्षण संपताच जो परत जाणार आहे असा. ही व्याख्या जरा थांबून पुन्हा वाचा. आज मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्या मुलीला जे विचारतात, ते हेच तीन प्रश्न : काय शिकणार, पैसे कुठून आणणार, परत येणार ना? सव्वाशे वर्षांपूर्वी चिनी माणसाला दूर ठेवण्यासाठी आखलेली ही चौकट सगळ्या जगाच्या विद्यार्थ्यांसाठी कायम झाली आहे.

भारतीयांवर ही चौकट आली १९१७ मध्ये. त्याआधी दहा-पंधरा वर्षे पॅसिफिक किनाऱ्यावर भारतीय विद्यार्थी बऱ्याच मोकळेपणाने वावरत होते. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांतले एक. ऑरेगनमधील कॉर्वालिस आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. गदर चळवळीच्या आरंभीच्या मंडळींत त्यांचे नाव येते आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी कीर्ती मिळवली. त्या पिढीतले कितीतरी विद्यार्थी सुटीत लाकडाच्या गिरण्यांत आणि फळबागांत मजुरी करून शुल्क भरत. विद्यार्थी आणि मजूर एकाच अंगरख्यात राहू शकत होते.

१९१७ च्या कायद्याने नकाशावर अक्षांश-रेखांश आखून आशियाचा एक मोठा पट्टा ‘वर्जित’ ठरवला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात आला. विद्यार्थ्यांना सवलत होती, पण तिला एक शेपूट जोडलेले होते : ज्या व्यवसायामुळे किंवा दर्जामुळे सवलत मिळाली तो सुटला, तर तो मनुष्य देशात बेकायदा आहे असे समजावे. शिक्षण चालू आहे तोवर विद्यार्थी. संपले की सवलतीचा आधारच निखळला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निकाल दिला. १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांचा कायम वसाहतीसाठीचा प्रवेशच बंद केला आणि विद्यार्थ्यासाठी वेगळे कलम लिहिले : वय किमान पंधरा, मान्यताप्राप्त संस्था आणि येण्याचा हेतू केवळ शिक्षण.

‘केवळ शिक्षण’ म्हणजे काय, हे महामंदीने दाखवले. १९३२ मध्ये श्रममंत्री विल्यम डोक यांच्या खात्याने परदेशी विद्यार्थ्यांच्या अर्थार्जनाला मनाई करणारा हुकूम काढला. जेवणाखाणाच्या मोबदल्यात एखाद्या घरी काम करणारा विद्यार्थीही त्या फासात सापडत होता. महाविद्यालयांकडून ओरड झाली. १८८२ चे द्वैत आता टोकाला पोहोचले होते. बशी विसळली की विद्यार्थी मजूर होतो!

या काळातली दोन माणसे मला राहून राहून आठवतात. पंजाबातले दलीपसिंग सौंद १९२० मध्ये बर्कलीला आले आणि १९२४ मध्ये, म्हणजे तो कायदा झाला त्याच वर्षी, गणितात पीएच.डी. झाले. गणिताचा हा डॉक्टर पुढे कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम झाला आणि मग शेतकरी. पदवी होती, तिच्या योग्यतेचे दार भारतीयाला उघडे नव्हते. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क दिला आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा बांधला. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून गेले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य.

दुसरे यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९२३ मध्ये बोस्टनला आलेल्या या आंध्रच्या वैद्याने हार्वर्डमध्ये शिकताना रुग्णालयात रात्रपाळीचे हमालकाम केले. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक ॲसिडवर आणि कर्करोगावरच्या आरंभीच्या औषधांवर काम झाले. आज जगभर रुग्ण घेतात त्या मेथोट्रेक्सेटची वंशावळ तिथे पोहोचते. पंचवीस वर्षे अमेरिकेत राहून १९४८ मध्ये ते वारले, तेव्हाही ते अमेरिकेचे नागरिक नव्हते. अशी माणसे देशाला हवी होती आणि कायद्याला नको होती. या पेचातून वाट काढायची तर एखादा सोयीचा शब्द लागणार होता.

तो शब्द १९४७ मध्ये सापडला. महायुद्ध संपले होते, अमेरिकी विद्यापीठांकडे जगाची रीघ लागली होती आणि हिंदुस्थान सरकारनेही १९४५ पासून तांत्रिक शिक्षणासाठी विद्यार्थी परदेशी धाडण्याची योजना सुरू केली होती. पण ज्याने बॉयलरला कधी हात लावला नाही असा अभियंता मायदेशी काय कामाचा? तेव्हा इमिग्रेशन खात्याच्या नव्या नियमांत एक तरतूद आली : शिक्षणसंस्थेने आवश्यक मानले किंवा शिफारस केली, तर विद्यार्थ्याला ‘व्यावहारिक प्रशिक्षणासाठी’ सहा महिने काम करता येईल आणि ही मुदत सहा-सहा महिन्यांनी दोनदा वाढवता येईल. एकूण अठरा महिने.

माझ्या मते या नियमाची सारी चतुराई त्या एका शब्दात आहे. कारखान्यात उभा असलेला, पगार घेणारा तरुण हा मजूर नव्हे, विद्यार्थीच. कारण तो ‘शिकतो’ आहे. पासष्ट वर्षांचे द्वैत न मोडता त्याला वळसा घातला गेला. आणि त्यामागची कल्पना प्रामाणिकही होती : शिकलेले हातात पक्के करून घ्या आणि घरी जा. पाच वर्षांनी, १९५२ च्या कायद्यात, विद्यार्थ्यांसाठी आज परिचित असलेला ‘एफ’ वर्ग आला. मायदेशीचे घर सोडण्याचा हेतू नसावा, ही अट तिथेही राहिली. प्रशिक्षणाविषयी कायदा काही बोलला नाही. नियम मात्र चालू राहिला.

त्या शब्दाचा अर्थ उलटा केला १९६५ ने. लिंडन जॉन्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने वंशाधारित कोटे मोडले आणि शिक्षण व कौशल्य यांना मान दिला. आता प्रशिक्षणाच्या महिन्यांत मालकाची मर्जी संपादन करणारा अभियंता स्थायी निवासाचा अर्ज करू शकत होता. घरी जाण्याआधीचा शेवटचा थांबा हा तिथे राहण्याची पहिली पायरी बनला. मराठी अभियंते, डॉक्टर आणि संशोधक यांची पहिली मोठी पिढी याच काळात अमेरिकेत स्थिरावली. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, ते या वसाहतीच्या बळावर. त्या पिढीला ‘ओपीटी’ हा शब्द ठाऊक नव्हता. तो आला १९९२ च्या नियमांत, बारा महिन्यांच्या मुदतीसह.

दरम्यान १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाला वर्षाला ६५,००० ची मर्यादा घातली होती आणि स्थायी निवासाच्या रांगेत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांवर बांधला होता. लोकसंख्येने प्रचंड असलेल्या देशांची रांग त्यामुळे तुंबत गेली. पुढचे दार अरुंद झाले की मागच्या ओसरीत गर्दी होते, तसे ओपीटीचे झाले. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या दोन दिवसांतच एच-१बीचे अर्ज मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेले. तंत्रज्ञान कंपन्यांनी गाऱ्हाणे मांडले आणि एप्रिल २००८ मध्ये प्रशासनाने विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना आणखी सतरा महिने देणारा नियम तातडीने लागू केला. त्याच नियमाने नव्वद दिवसांची बेकारीची मर्यादाही आणली. शब्द अजून ‘प्रशिक्षण’च होता, पण प्रशिक्षणार्थी किती दिवस बेकार राहिला हे सरकार मोजू लागले होते!

या विसंगतीवर कधीतरी कोणी बोट ठेवणारच होते. वॉशिंग्टन राज्यातील तंत्रज्ञ कामगारांची संघटना, वॉशटेक, न्यायालयात गेली. तिचे म्हणणे सरळ होते : हे शिक्षण नव्हे, नोकरी आहे, विद्यार्थी-व्हिसा विद्यार्थ्यासाठी असतो आणि ही मुले पदवीधर झाली आहेत, आमच्या सदस्यांना स्वस्तातल्या स्पर्धेला तोंड द्यावे लागते आहे. हा युक्तिवाद केवळ द्वेषाचा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. १८८२ पासून चालत आलेल्या द्वैताचा तो तर्कशुद्ध शेवट होता. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायाधीश एलेन ह्युवेल यांनी २००८ चा नियम रद्दबातल ठरवला. कारण मात्र कार्यपद्धतीचे होते : लोकांकडून सूचना-हरकती न मागवता तो लागू केला होता. गोंधळ टाळण्यासाठी निकालाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. प्रशासनाने या वेळी हरकती मागवल्या, पन्नास हजारांहून अधिक आल्या, आणि मे २०१६ पासून चोवीस महिन्यांची वाढीव मुदत लागू झाली. तिच्याबरोबर मालकाने भरून द्यायचा ‘प्रशिक्षण आराखडा’ही आला. शब्दाची लाज राखायची तर कागद हवाच.

संघटना पुन्हा लढली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने बहुमताने ओपीटीच्या बाजूने कौल दिला. इतिहासप्रेमींनी हा निकाल मुद्दाम ध्यानात ठेवावा, कारण तो बव्हंशी इतिहासावर उभा आहे. १९५२ मध्ये संसदेने विद्यार्थ्यांचा वर्ग ठरवला, तेव्हा व्यावहारिक प्रशिक्षणाची प्रथा आधीच चालू होती. पुढे संसदेने हा कायदा कितीदा तरी बदलला, पण प्रथेला हात लावला नाही. तेव्हा ती संसदेला मान्य होती असे मानण्यास आधार आहे, असे न्यायालयाने धरले. १९४७ च्या एका रुक्ष नियमातली सहा-सहा महिन्यांची ती तरतूद पाऊणशे वर्षांनी पुराव्यादाखल उभी राहिली. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धचे अपील सुनावणीस घेण्यास नकार दिला.

न्यायालयाने एवढेच म्हटले की असा नियम करण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. तो नियम ठेवलाच पाहिजे असे म्हटलेले नाही. रीतसर हरकती मागवून एखादे प्रशासन हे बारा महिने अठरा करू शकते, सहा करू शकते किंवा पुसूनही टाकू शकते. त्यासाठी संसदेच्या मताची गरज लागणार नाही, कारण संसदेने ते महिने मुळात दिलेच नव्हते.