पत्ता आणि मजकूर

८ जुलै २०२५ रोजी ‘पॉकेट’ बंद झाले. वेबवर दिसलेला लेख एक कळ दाबून बाजूला ठेवायचा आणि पुढे सवडीने, फोनवर किंवा ई-रीडरवर, जाहिराती वगळून वाचायचा, एवढेच या सेवेचे काम होते. फायरफॉक्स ब्राउझर चालवणाऱ्या मोझिलाने मे महिन्यात तशी सूचना दिली होती. आपापली यादी उतरवून घेण्यासाठी सेवा बंद झाल्यानंतरही काही महिन्यांची मुदत होती. म्हणजे सगळे रीतसर झाले. पण उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये होते काय? लेखाचे शीर्षक, त्याचा पत्ता, तो ठेवल्याची वेळ, वाचकाने लावलेल्या खुणा आणि वाचून झाला की नाही याची नोंद. लेख त्यात नव्हते.

पत्ता हाती असला म्हणजे लेख मिळेलच, असे वेबवर धरता येत नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर सापडत नव्हती. आपल्याकडे बाड लिहिणारा माणूस अभंग वा पोवाडा कुठे ऐकायला मिळतो एवढे टिपून थांबत नसे. मजकूरच उतरवून घेई. ‘नंतर वाचू’ या साधनांच्या अठरा वर्षांच्या इतिहासाकडे याच फरकाने पाहायला हवे, कारण त्यातल्या बहुतेक सेवांनी वाचकाला साठवणीचा भरवसा दिला आणि प्रत्यक्ष साठवण आपल्याकडे ठेवली.

सुरुवात अगदी घरगुती होती. २००७ साली नेट वायनर यांनी फायरफॉक्ससाठी ‘रीड इट लेटर’ नावाची छोटी जोडणी लिहिली. तिचेच २०१२ मध्ये ‘पॉकेट’ झाले आणि २०१७ मध्ये मोझिलाने ते विकत घेतले. २००८ च्या जानेवारीत मार्को आरमेंट यांनी ‘इन्स्टापेपर’ लोकांसाठी खुले केले. तेही आधी स्वतःच्या सोयीसाठी केलेले होते. दरम्यान नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल बाजारात आले होते. त्याचा ई-शाईचा पडदा कागदासारखा, डोळ्यांना न शिणवणारा. प्रत्येक यंत्राला स्वतःचा ई-मेल पत्ता असल्याने वेबवरचे लेख गोळा करून रोज किंडलवर धाडणे शक्य झाले. लांबलचक लेख वाचायला या जोडीसारखी दुसरी सोय नव्हती, हे मान्य करायला हवे.

त्याच किंडलवर जुलै २००९ मध्ये काही ग्राहकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके अचानक नाहीशी झाली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून ॲमेझॉनने ती दुरून पुसली आणि पैसे परत केले. त्यात ‘१९८४’ असावे, हा योगायोग कोणी कादंबरीत घातला असता तर ओढूनताणून आणलेला वाटला असता.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आर्क९० या संस्थेने ‘रीडेबिलिटी’ नावाचा एक लहानसा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. या सगळ्या इतिहासातला सर्वांत टिकाऊ तुकडा मला हाच वाटतो. वेबपानावर लेखाभोवती जाहिराती, दुव्यांच्या रांगा आणि प्रतिक्रिया असतात. त्यातून नेमका लेख ओळखायचा कसा? आर्क९० ची युक्ती साधी होती. परिच्छेदांना गुण द्यायचे. मजकूर लांब असेल तर गुण वाढतात आणि प्रत्येक स्वल्पविरामालाही गुण मिळतो, कारण जाहिरातीत किंवा दुव्यांच्या यादीत स्वल्पविराम फारसे येत नाहीत. मजकुरात दुव्यांचे प्रमाण जास्त असेल, तर गुण कापायचे. भाषा कळण्याची गरजच नाही. मराठीचा स्वल्पविरामही तोच असल्याने ही मोजणी मराठी लेखावरही चालते.

‘रीडेबिलिटी’ची पुढे सेवा झाली. वाचकांच्या वर्गणीतला ७० टक्के वाटा लेख प्रसिद्ध करणाऱ्यांना देण्याची तिची योजना होती. ती २०१२ मध्ये गुंडाळली गेली आणि २०१६ च्या सप्टेंबरअखेर सेवाही बंद पडली. प्रोग्राम मात्र मेला नाही. ॲपलने तो २०१० मध्येच सफारीच्या ‘रीडर’साठी घेतला होता. फायरफॉक्समधले ‘रीडर व्ह्यू’ त्याच्याच वंशातले आहे. म्हणजे मोझिलाने विकत घेतलेले पॉकेट गेले आणि फुकट मिळालेली रीडेबिलिटी तिच्या घरात आजही नांदते आहे.

याच वंशाची एक शाखा फ्रान्समध्ये रुजली. निकोला लोइये यांनी २०१३ मध्ये ‘पॉश’ नावाचे साधन लिहिले. फ्रेंचमध्ये पॉश म्हणजे खिसा. पॉकेटवाल्या कंपनीला हे नाव खटकले आणि पुढच्या वर्षी पॉशचे ‘वॉलाबॅग’ झाले: पोटाला पिशवी असलेला वॉलबी हा प्राणी आणि बॅग यांची संधी. नाव काढून घेता आले. कल्पना आणि प्रोग्राम घेता आले नाहीत, कारण दोन्ही खुले होते.

वॉलाबॅगचे वेगळेपण म्हणजे ते आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. भाड्याचा छोटा सर्व्हर चालतो. घरातल्या कपाटावर ठेवलेला, पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पायही चालतो. लेखाचा पत्ता दिला की प्रोग्राम ते पान आणतो, मजकूर वेगळा काढतो आणि आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवतो. पुढे तो ‘ईपब’ रूपात काढून ई-रीडरवर घालता येतो. कोबो किंवा किंडलवर ‘केओरीडर’ हा मुक्त प्रोग्राम बसवला असेल, तर यंत्र थेट आपल्या वॉलाबॅगमधून लेख उचलते. ज्या संकेतस्थळांवर गुणांची युक्ती फसते, त्यांच्यासाठी मजकूर कुठे शोधावा हे सांगणाऱ्या छोट्या फाइली स्वयंसेवकांनी लिहून सार्वजनिक ठेवल्या आहेत. संकेतस्थळाने मांडणी बदलली की ती फाइल पुन्हा दुरुस्त करावी लागते. या निनावी डागडुजीवर सारा डोलारा उभा आहे.

भारतीय वाचकाच्या ओळखीचे याच जातीचे दुसरे साधन ‘कॅलिबर’. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये, सोनीचा ई-रीडर लिनक्सवर चालावा म्हणून, ते लिहायला घेतले. त्याला सर्व्हरही लागत नाही. आपलाच संगणक ठरल्या वेळी वृत्तपत्रांची संकेतस्थळे उघडतो आणि त्या दिवसाच्या अंकाचे ई-पुस्तक बांधून ठेवतो. कोणत्या वृत्तपत्राचे काय उचलायचे, हे सांगणाऱ्या ‘रेसिपी’ इथेही बहुतांशी वापरणाऱ्यांनीच दिलेल्या आहेत.

हे सगळे फुकट आणि सोपे आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वतःची राखणदारी: अद्ययावत करणे, दुसरी प्रत काढून ठेवणे, डिस्क बिघडली तर निस्तरणे. शिवाय सर्व्हर आपल्या नावाने लॉगिन करून पान पाहत नाही. वर्गणीच्या कुलपाआडचा लेख त्याला अर्धाच दिसतो. त्यासाठी ब्राउझरमध्ये दिसणारे पान जसेच्या तसे पाठवण्याची वाट आहे, पण ती माहीत असावी लागते. चित्रे उतरवून घेण्याची सोयही मुद्दाम चालू करावी लागते, नाहीतर लेख आपला आणि चित्रे परक्या दारात. आणि मुक्त परवाना म्हणजे अमरपट्टा नव्हे. ‘ऑम्निव्होर’चा प्रोग्राम खुला होता, त्याचे कर्ते इलेव्हनलॅब्स या कंपनीत गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांची सेवा बंद झाली. लोकांना आपले लेख हलवायला अवघे काही आठवडे मिळाले. प्रोग्राम मागे राहिला, पण तो स्वतः बसवून चालवण्याची तयारी किती जणांची असते? बाकीच्यांनी दुसरी सेवा शोधली. कोबोनेही तेच केले: २०१३ पासून तिच्या ई-रीडरमध्ये पॉकेट होते, त्याच्या जागी आता इन्स्टापेपर आले.

मराठी वाचकाला पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये आणखी एक थर ओलांडावा लागला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फाँटवर चालत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण पानाच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे भरलेली असत. फाँट त्यांना ‘क’ आणि ‘ख’चे कपडे चढवी. असे पान एखाद्याने तेव्हा निगुतीने उतरवून ठेवले असेल, तर ते आज वाचायला घेताच गफलत होते. मजकूर वेगळा काढणारा कोणताही प्रोग्राम सजावट म्हणून फाँट आधी टाकून देतो, आणि अग्रलेखाच्या जागी ई-रीडरवर तुटक रोमन अक्षरांच्या ओळी उभ्या राहतात. ते वाचायचे तर तो जुना फाँट शोधावा लागतो, किंवा त्या फाँटचा तक्ता ठाऊक असलेला परिवर्तक.