वडिलांचा रेडिओग्राम

इतिहास म्हणतांच आम्हां भोर-वेल्ह्याच्या लोकांपुढें राजगड-तोरणा उभे राहतात. परंतु भोरमधील माझ्या ओसरीवरची एक लांकडी पेटीही इतिहासच सांगते. वर तबकडीचें चाक, खालीं व्हॉल्वचा रेडिओ. हा वडिलांचा रेडिओग्राम.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं विलीन झालें आणि पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ पासून बोलूं लागलें. असे आमच्या गांवाला दूरचे आवाज जवळ येत गेले. मात्र ही पेटी विजेवर चालणारी. वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांतील वृद्ध मंडळी मला चावीच्या ग्रामोफोनचीच आठवण सांगत.

वडिलांच्या मागें पेटी तीस वर्षें मुकी होती. “आंतलें यंत्र काढून नवें बसवूं,” असें चिरंजीव म्हणाले. पण मग वडिलांचें काय उरलें? अखेर एका जाणत्या कारागिराकडून जुने कागदी कंडेन्सर तेवढे बदलविले. ते निकामी झाले असतां व्हॉल्व आणि ट्रान्स्फॉर्मरही जळण्याचें भय असतें. प्रथम विजेच्या वाटेंत एक दिवा जोडून यंत्र जपून चालविलें. व्हॉल्व तांबूस उजळले. मग मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लावली, आणि १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीमखां तीनएक मिनिटें ओसरीवर गाऊन गेले.

“पुन्हां लावा,” चिरंजीव म्हणाले.

ढासळलेला चिरा बसविल्यानें गड निराळा होत नाहीं. पेटीचेंही तसेंच आहे.