ईरी सरोवराच्या शुद्धीचा पैका : मंजुरी आणि अंमल

सनद सांपडली म्हणजे तिचा अंमल झालाच, असें मानण्याचा मोह संशोधकास फार होतो. वरात निघाली तरी पैका प्रत्यक्ष पदरीं पडेपर्यंत ती केवळ कागद असते, हें पेशवे दप्तर चाळणारांस सांगावयास नको. हाच न्याय अर्वाचीन कायद्यांसही कसा लागू पडतो, हें दाखविण्यासाठीं उत्तर अमेरिकेंतील ईरी सरोवराच्या शुद्धीकरितां मंजूर झालेल्या द्रव्याची हकीकत आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईरी व ऑन्टेरिओ या पांच महासरोवरांत, बर्फ वगळल्यास, पृथ्वीच्या पाठीवरील गोड्या पाण्याचा सुमारें पांचवा हिस्सा सांठलेला आहे. त्यांत ईरी सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, टोलेडो इत्यादि शहरांचें मैलापाणी त्यांत येऊन पडे. त्यांतील व धुण्याच्या पुडींतील फॉस्फरसामुळें शेवाळ माजे; तें कुजतांना तळच्या पाण्यांतील प्राणवायु संपे. 'ईरी मेलें' अशी हांकाटी त्या काळीं झाली. वास्तविक तें मेलें नव्हतें. त्यास अजीर्ण झालें होतें.

येथें पुराव्याविषयीं एक सावधगिरी सुचवितों. २२ जून १९६९ रोजीं क्लीव्हलंड येथें, ईरीस मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगानें पेट घेतला. 'टाइम' साप्ताहिकानें त्या ऑगस्टांत छापलेलें आगीचें प्रसिद्ध छायाचित्र मात्र १९५२ सालच्या आगीचें होतें. १९६९ ची आग अर्ध्या तासाच्या आंत विझली होती. शिवाय आगीच्या आदल्याच वर्षीं, १९६८ सालीं, क्लीव्हलंडच्या मतदारांनीं जलशुद्धीसाठीं १० कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांस संमति दिली होती. तेव्हां आगीनें लोकांस जागें केलें ही समजूत अपुरी ठरते. लोक आधींच जागे होते. अडचण पैक्याची होती.

१५ एप्रिल १९७२ रोजीं ऑटावा येथें अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन व कॅनडाचे पंतप्रधान ट्रूडो यांनीं महासरोवरांच्या शुद्धीचा करार केला. फॉस्फरस आटोक्यांत आणणें हें त्यांतील मुख्य काम. पण करार निभावण्यास मैलापाणी शुद्ध करणारीं केंद्रें हवींत, आणि तीं एकट्या नगरपालिकांच्या आंवाक्यांतलीं नव्हेत. म्हणून विधिमंडळानें देशांतील सर्व जलाशयांसाठीं एक कायदा केला. त्यान्वये अशा केंद्रांच्या खर्चापैकीं शेंकडा ७५ भाग मध्यवर्ती सरकारनें सोसावयाचा होता. त्यासाठीं तीन वर्षांकरितां अनुक्रमें ५, ६ व ७, मिळून १८ अब्ज डॉलरांची मर्यादा घातली होती. खर्च अवास्तव आहे, त्यानें महागाई वाढेल, असें सांगून १७ ऑक्टोबर रोजीं निक्सन यांनीं त्यास नकार दिला. दुसऱ्याच दिवशीं विधिमंडळानें प्रचंड बहुमतानें तो नकार रद्द केला आणि कायदा अमलांत आला.

सामान्य इतिहास येथें संपतो. दप्तराचा इतिहास येथून सुरू होतो. २२ नोव्हेंबर १९७२ च्या पत्रानें निक्सन यांनीं खात्याच्या मुख्यास आज्ञा केली कीं, पहिल्या दोन वर्षांत ५ व ६ अब्जांऐवजीं २ व ३ अब्जच वांटावे. तिसऱ्या वर्षीं ७ ऐवजीं ४ अब्जांची वांटणी झाली. म्हणजे १८ पैकीं नेमके ९ अब्ज, निम्मा पैका, तिजोरींतच अडकला. नकार देऊन जें साधलें नाहीं, तें एका पत्रानें साधूं पाहिलें.

न्यूयॉर्क शहरानें फिर्याद केली. वाद सर्वस्वीं पाठाचा होता. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, कायद्यांत 'अमुक रकमेहून अधिक नव्हे' असे शब्द आहेत. शिवाय मूळ मसुद्यांत वांटावयाच्या 'रकमा' या शब्दापूर्वीं असलेला 'सर्व' हा शब्द अंतिम पाठांत गाळला आहे. सबब कमी वांटण्याची मुभा आहे. १८ फेब्रुवारी १९७५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, एवढ्या पाठभेदानें असा अधिकार उत्पन्न होत नाहीं. अधिकृत रकमा पूर्णपणें वांटल्याच पाहिजेत. न्यायमूर्ति व्हाइट यांनीं हा निकाल कायद्याच्या शब्दांवरच आधारिला आहे. अध्यक्षास राज्यघटनेनें असा अधिकार आहे कीं नाहीं, या प्रश्नास त्यांत हात घातलेला नाहीं. तत्पूर्वीं १९७४ सालींच विधिमंडळानें अशा रोखून धरण्यास आळा घालणारा स्वतंत्र कायदा केला होता.

पैका पोहोंचला आणि पाणी निवळलें. १९७८ च्या नव्या करारानें ईरीसाठीं वर्षास ११,००० टन फॉस्फरसाची मर्यादा ठरली, व पुढील दशकांत ती गांठलीही गेली. परंतु १९८७ सालीं मध्यवर्ती अनुदानाच्या जागीं फिरत्या कर्जनिधीची पद्धति आली. शेतांवरून वाहून येणारें खताळ पाणी तर १९७२ च्या कायद्याच्या परवान्यांबाहेरच राहिलें होतें. शेवाळ परतलें. ऑगस्ट १९१४ नव्हे, १९७२ नव्हे, तर २०१४ च्या ऑगस्टांत टोलेडोच्या सुमारें चार लाख लोकांस नळाचें पाणी पिऊं नका असा हुकूम निघाला.

महासरोवरांच्या पुनरुज्जीवनाची स्वतंत्र योजना २०१० सालीं ४७.५ कोटी डॉलरांनिशीं सुरू झाली होती. २०१७ सालीं अध्यक्षांच्या अंदाजपत्रकानें ती रक्कम शून्यावर आणण्याचें सुचविलें. विधिमंडळानें ३० कोटी कायम राखले. जुनाच तंटा नव्या कागदावर उतरला.

यावरून आमचें म्हणणें इतकेंच कीं, कोणत्याही राजवटीच्या लोकोपयोगी कामाचा इतिहास लिहितांना मंजुरीच्या आंकड्यावर थांबूं नये. मंजुरी, वांटणी व खर्च हे तीन निरनिराळे कागद आहेत. आणि तिन्ही जुळले तरी चौथा साक्षीदार उरतोच. तो म्हणजे खुद्द सरोवराचें पाणी.