‘हिस्टॉरिक’ की ‘हिस्टॉरिकल’?

मराठीत दोन्हींना आपण ‘ऐतिहासिक’च म्हणतो, म्हणून प्रबंध इंग्रजीत लिहिताना घोळ होतो. शहापूरचंच बघा. 1636 मध्ये माहुली किल्ल्यावर शहाजीराजांना शरणागती पत्करावी लागली आणि निजामशाही संपली. इतिहासाला वळण देणारी ही घटना ‘हिस्टॉरिक’. त्याच तालुक्यातल्या तानसा धरणाच्या पावसाच्या जुन्या नोंदी मात्र नुसत्या भूतकाळातल्या, म्हणून ‘हिस्टॉरिकल’. मुरबाडवरून चढणाऱ्या नाणेघाटातला सातवाहन शिलालेख? अभ्यासाचं साधन म्हणून ‘हिस्टॉरिकल’, त्याचं महत्त्व सांगायचं तर ‘हिस्टॉरिक’.

माझ्या मसुद्यात मी ‘हिस्टॉरिक रेनफॉल’ लिहिलं होतं. गाईडनी विचारलं, “विक्रमी पाऊस झाला होता का?” मी जुनी आकडेवारी म्हणत होतो, वाचणाऱ्याला अतिवृष्टी दिसत होती. तुमचाही मसुदा आज एकदा तपासा.